नको म्हणणाऱ्या राजाचं बेट

जर्मनीत राजा नाही, हे मला चांगलं माहीत होतं. साताऱ्याच्या शाळेत इतिहास-भूगोल शिकवण्यात माझी सगळी नोकरी गेली. शेवटचा कैसर गादी सोडून कसा पळाला, हे मी वर्षानुवर्षं फळ्यावर लिहिलंय. त्यामुळे आमचे जावई मंदारराव फोनवर म्हणाले, की आई, जूनमध्येच या, आमच्या बेटावर तेव्हा राजा निवडतात, तेव्हा मला वाटलं लाइन खराब आहे. मी दोनदा विचारलं. दोन्ही वेळा त्यांनी राजाच सांगितलं.

परत आल्यापासून जो भेटतो तो विचारतो, काय काय पाहिलंत? राजवाडे पाहिले का, ती पडलेली भिंत पाहिली का? मी सांगते, बाई, मी राज्यात माजलेली बेबंदशाही पाहिली. लोक हसतात आणि चहा घेतात. म्हणून म्हटलं एकदा सगळं लिहूनच काढावं.

आणि खरं सांगायचं तर मी देश बघायला गेलेच नव्हते. मी माणसं परत आणायला गेले होते. मंदारराव वोल्फ्सबुर्गला मोटारींच्या कंपनीत इंजिनिअर, घर मात्र त्या बेटावर. माझी अनघा घरी बसून कुठल्याशा सॉफ्टवेअर कंपनीचं काम करते. नात ईरा तिथंच जन्मली. मराठी सगळं कळतं, पण उत्तर जर्मनमध्ये. चाकणच्या एका कंपनीनं मंदाररावांना बोलावलं होतं आणि महिनाअखेर होय की नाही ते कळवायचं होतं. अनघाचं मन अर्धं इकडे, अर्धं तिकडे. मंदाररावांचं मात्र पूर्ण तिकडे. यंदा बेटावरचा उत्सव होऊ दे, मग बोलू, एवढंच ते म्हणत. आमच्या ह्यांनी तर साताऱ्यात वरच्या मजल्याला रंगसुद्धा काढून घेतला होता. विमानतळावर मला सोडताना म्हणाले, आग्रह कर, जरा जास्तच कर.

शुक्रवार, धक्क्यावर

वोल्फ्सबुर्ग म्हणजे एक कारखाना आणि त्याच्याभोवती थोडंसं गाव. तिथून गाडीनं दीड-दोन तास गेलं की एल्बे नदी लागते. नदी रुंद, संथ, आपल्या कृष्णामाईसारखीच, फक्त काठावर देऊळ नाही. मधोमध हे बेट. नाव मुद्दाम देत नाही, कारण तिथली माणसं अजून एकमेकांशी धड बोलायला लागली नाहीत. सपाट जमीन, लाल विटांची घरं, बांधावर मेंढ्या आणि चिमणीवर करकोचाचं घरटं. पूल नाही, फेरीबोट आहे.

मंदारराव गाडी रांगेत लावायला गेले. धक्क्यावर खांबाला पितळेची घंटा टांगलेली होती. आता तुम्हीच सांगा, घंटा दिसल्यावर आपला माणूस काय करणार? मी देवाचं नाव घेऊन दणदणीत वाजवली. मला ईराला वर उचलता आलं नाही, म्हणून तिच्या वाटणीचीही मीच वाजवली. पलीकडे एकदम भोंगा सुरू झाला, माणसं पळायला लागली, आणि फेरीबोट नेहमीच्या दुप्पट वेगानं आली ती हेल्मेट घातलेल्या चौघांना घेऊन. घंटा एकदा वाजवली तर प्रवासी आलाय. सारखी वाजवली तर आग तरी लागलीय किंवा कुणीतरी बुडतंय. पुढच्या हेल्मेटखाली तांबूस दाढीचा, कपाटाएवढा माणूस होता. तो योर्न. फेरीबोटही तोच चालवतो आणि अग्निशामक दलाचा प्रमुखही तोच. त्यानं नदी बघितली, आकाश बघितलं, माझी नऊवारी बघितली आणि म्हणाला, "मोइन." तिकडे रामराम म्हणायचा तो असा. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

रात्री जेवायला श्पार्गल. पांढरी, बोटभर जाडीची शतावरी, पाण्यात उकडलेली, वर वितळलेलं लोणी, बाजूला उकडलेले बटाटे. फोडणी नाही, मिरची नाही. लोक वर्षभर या भाजीची वाट पाहतात म्हणे. मी अनघाला विचारलं, मीठ कुठाय? तर शेजारच्या एल्केबाई, ज्यांची बेटावर बेकरी आहे आणि ज्या स्वतः ही भाजी घेऊन आल्या होत्या, त्यांनी मोठ्या प्रेमानं मला अजून लोणी वाढलं. मग आणखी हवं का, असं एकदाच विचारलं आणि मी नको म्हणताच भांडं उचलूनही नेलं. हे मी तेव्हा लक्षात घ्यायला हवं होतं.

शनिवार, पक्षी

राजाची निवड अशी. बेटावर नेमबाजांचं एक फेरआइन आहे, म्हणजे आपलं मंडळ म्हणा. उंच खांबावर लाकडाचा गरुड बसवतात. मुकुट, पंख, शेपटी असं रंगवलेलं ध्यान. सगळे ओळीनं त्याच्यावर गोळ्या झाडतात. शेवटचा तुकडा ज्याच्या गोळीनं खाली पडेल तो वर्षभराचा राजा. चांदीची साखळी गळ्यात, मिरवणूक, बँड, तंबूत नाच. कर भरायला नको, लढाई करायला नको. असं राज्य आमच्या इतिहासात मिळालं असतं तर पुस्तकं निम्मी झाली असती.

मंदारराव तीन-चार वर्षं मंडळात जाऊन नेम धरत होते. हिरवा कोट, पिसाची टोपी. लग्नातल्या बँडमधले क्लॅरिनेटवाले दिसत होते अगदी. मी हसले नाही, कारण त्यांचा चेहरा गंभीर होता. ते इतकी वर्षं या बेटावर राहत असूनही लोक त्यांना अजून "वरच्या गल्लीतला इंडर", म्हणजे भारतीय, म्हणतात, हे मला अनघानं सांगितलं होतं. वाईट अर्थानं नाही. पण नावानं हाक मारत नाहीत, एवढं खरं.

दुपारपर्यंत पक्ष्याचा मुकुट गेला, एक पंख योर्ननं पाडला, शेपटी आणखी कुणी. उरला पोटाचा एक ठोकळा. तो मंदाररावांच्या गोळीनं पडला. मी सगळ्या तंबूसमोर दोन बोटं तोंडात घालून शिट्टी मारली. पहिल्यांदाच एक मास्तरीण म्हणून नव्हे, तर सासू म्हणून.

मंडळाचे अध्यक्ष हाइनरिश. जनावरांचे निवृत्त डॉक्टर, पांढऱ्या मिशा, ताठ कणा. त्यांनी मंदाररावांचा हात हातात घेतला आणि माइकवरून विचारलं, तुम्ही हे राजेपद स्वीकारता का?

आणि आमच्या जावयांनी दोन्ही हात जोडले, मान तिरकी केली, लाजून हसले आणि जर्मनमध्ये म्हणाले, छे छे, नको, मी कशाला, तुमच्यात एवढी मोठी माणसं आहेत.

मी कपाळाला हात लावला. कारण हा माणूस मला पाठ आहे. पहिल्या दिवाळसणाला ताटातली जिलबी त्यांनी तिसऱ्या आग्रहाला घेतली आणि मग एकामागून एक घेतच राहिले. पहिल्यांदाच हो म्हणणं त्यांच्या आईनं त्यांना शिकवलेलंच नाही. पण तिथं आग्रह करणारं कुणी नव्हतं. हाइनरिश म्हणाले, "शाडं." म्हणजे, अरेरे. त्यांना खरोखर वाईट वाटलेलं दिसलं. मग ते नियमाप्रमाणे पुढच्या माणसाकडे वळले. पुढचा होता योर्न. प्रश्न पुरा व्हायच्या आत तो "या" म्हणाला, म्हणजे हो. साखळी त्याच्या गळ्यात पडली, बँड सुरू झाला. आमचे मंदारराव तसेच हात जोडून उभे, दुसऱ्यांदा कधी विचारतायत याची वाट बघत.

घरी आल्या आल्या अनघानं दार लावलं आणि मग मात्र बोलली. "मंदार, तुला राजा व्हायचं होतं का नव्हतं?" ते म्हणाले, होतं ना. "मग हो म्हणायला काय झालं होतं?" यावर त्यांचं उत्तर ऐकून मला हसावं का रडावं कळेना. म्हणाले, "एकदम कसं हो म्हणायचं? बरं दिसतं का ते?"

सोमवारपासून पुढे, यादवी

साताऱ्याच्या माणसाला गादीचं भांडण नवीन नाही. शिकवून शिकवून माझा घसा बसलाय. पण इतकं शिस्तीतलं भांडण मी वाचलेलं नव्हतं.

रविवारी बेट झोपलं आणि सोमवारी उठलं ते दोन तुकड्यांत. ज्यानं पक्षी पाडला तोच राजा, असा एक पक्ष. त्यात एल्केबाई, शाळेतल्या बाई आणि जुने शेतकरी. ज्यानं नको म्हटलं त्याला राजा कसं करणार, असा दुसरा पक्ष. त्यात योर्नचं अग्निशामक दल आणि बहुतेक तरुण मंडळी. त्यांच्यातले काही म्हणत होते, की या माणसानं आपल्या गादीला सगळ्यांसमोर पायानं लोटलं. हे मला झोंबलं. बाकी काही म्हणा, पण माझ्या जावयाला उर्मट कुणी म्हणायचं नाही.

दंगल कशी झाली ते सांगते. लोकांनी "मोइन" म्हणणं बंद केलं. बँड फुटला. ढोल योर्नकडे, पिपाण्या आमच्याकडे. त्यामुळे संध्याकाळी सरावाला एका तंबूतून नुसतं ढुम्म ढुम्म आणि दुसऱ्यातून नुसतं प्यँ प्यँ. अग्निशामक केंद्रावर चादरीएवढा फलक लागला, "नको म्हणजे नको". उलट एल्केबाईंनी पक्ष्याच्या आकाराचे पाव भाजून मुद्दाम काचेच्या कपाटात मांडले. योर्न फेरीबोट वेळापत्रकाप्रमाणे काट्यावर सोडायला लागला. पूर्वी धावत येणाऱ्यासाठी थांबायचा, आता नाही. कुणाच्या तरी बागेतला मातीचा बुटका, म्हणजे शोभेचा टोपीवाला बाहुला, पळवला गेला आणि दुसऱ्या दिवशी तो नदीकाठी तोंड पाण्याकडे करून सापडला. हे कळल्यावर मात्र माणसं खरंच हादरली. पोलिसांची बोट आली. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, चुकीच्या जागी उभी असलेली एक ट्रॉली बाजूला घ्यायला लावली आणि परत गेले. बेकरीसमोर मात्र दोन्ही पक्ष एकाच रांगेत, अंतर ठेवून, गपचूप उभे. आपल्याकडे एका गल्लीत दोन गणपती बसले की निदान स्पीकरवरून तरी एकमेकांना ऐकू जातं.

साताऱ्याला फोन केला तर आमचे हे म्हणाले, जावई संस्थानिक झाले की खालसा? मी म्हटलं, अजून लटकलंय.

घरात मात्र कुणी हसत नव्हतं. ईरा शाळेतून यायची ती दप्तर फेकून खोलीत. तिच्या बाकावरच्या मैत्रिणीचे वडील दुसऱ्या पक्षात. मंदारराव वोल्फ्सबुर्गला जायचे-यायचे, फेरीवर एकटेच उभे राहायचे. एकदा योर्ननंच त्यांना येऊन सांगितलं, की तुला विचारलं, तू नाही म्हणालास. मला विचारलं, मी हो म्हणालो. यात माझं काय चुकलं? मंदारराव म्हणाले, काहीच नाही. आणि खरंच काहीच नव्हतं. योर्न गडी वाईट नव्हता.

शनिवार, बांधावर

शनिवारी संध्याकाळी मंदारराव मला बांधावर फिरायला घेऊन गेले. करकोचा चिखलात चालत होता, मेंढ्या आमच्याकडे बघत होत्या. बराच वेळ ते मेंढ्यांबद्दलच बोलले. मग थांबले.

म्हणाले, "आई, उद्या सभा आहे. मला परत विचारणार आहेत म्हणे. या वेळी मी खरंच नाही म्हणणार. माझ्यापायी ही माणसं एकमेकांची तोंडं बघत नाहीत. चाकणला होय कळवतो. आम्ही येतो परत."

ज्यासाठी आले होते ते असं आयतं पदरात पडलं. मला केवढा आनंद झाला म्हणून सांगू, बांधावर फुगडी घालावीशी वाटली. तोंडानं मात्र म्हटलं, घाई करू नका, विचार करा. त्यांनी मान हलवली. त्यांचा चेहरा बघायला हवा होता, पण मी तेव्हा मनात वरच्या मजल्यावर पलंग कुठे लावायचा ते बघत होते.

घरी आलो तर हाइनरिशचा निरोप. एल्केबाईंनी त्यांच्या कानावर घातलं होतं, की इंडियात नको म्हणजे नको नसतं. जनावरांचा डॉक्टर तो, ऐकीव गोष्टीवर विश्वास कसा ठेवेल? त्यांनी मला तज्ज्ञ म्हणून सभेला बोलावलं होतं. मी तयार झाले. म्हटलं, जावयावरचा उर्मटपणाचा डाग पुसू आणि मग मानानं निघू.

रविवार, सभा

सकाळी सगळं बेट तंबूत. मध्ये वाट, दोन्हीकडे दोन पक्ष. बियर दोन्हीकडे सारखीच. अनघा माझ्या शेजारी दुभाषी म्हणून. मी साताऱ्याहून आणलेला कंदी पेढ्यांचा डबा घेऊन उभी राहिले. भाषण केलं नाही. वर्गात जे सांगून कळत नाही ते करून दाखवावं लागतं.

आधी हाइनरिशसमोर डबा धरला. त्यांनी "डांकं" म्हणून एक पेढा उचलला. मग योर्नसमोर. त्यानं दोन उचलले. मग मंदाररावांसमोर. ते म्हणाले, नको आई. मी म्हटलं, घ्या हो. म्हणाले, खरंच नको, आत्ताच खाल्लंय. मी म्हटलं, माझ्यासाठी घ्या. म्हणाले, बरं, अर्धा. आणि अख्खा खाल्ला. मी त्यांना आधी काही सांगितलेलं नव्हतं, सांगायची गरजच नव्हती.

तंबूत आधी कुजबुज, मग मागून कुणीतरी हसलं आणि ते हसू दोन्ही पक्षांत पसरलं. हाइनरिशनी मिशांवरून हात फिरवत विचारलं, की मग खरं नको कसं ओळखायचं? मी म्हटलं, आग्रह करणाऱ्याला ते कळतं. अनघानं ते सांगितल्यावर म्हातारबाबांनी मान डोलावली, एखादं औषध कळल्यासारखी.

मग हात वर करून ठरलं, की उमेदवाराला त्याच्या रीतीप्रमाणे पुन्हा विचारायचं. योर्ननं कुणी न सांगता साखळी गळ्यातून काढली.

हाइनरिशनी विचारलं. मंदारराव म्हणाले, "नाईन." म्हणजे नाही. लोक गालातल्या गालात हसले. पुन्हा विचारलं. पुन्हा "नाईन". आता अख्खा तंबू पुढे सरकला. तिसऱ्यांदा हाइनरिशनी विचारलंच नाही, योर्न साखळी हातात घेऊन समोर आला. घे ना, म्हणाला. आणि त्यानं मंदार म्हणून हाक मारली. मागून एल्केबाई, त्यांच्या मागून फलक लावणारी ती पोरं, सगळे आपले घे ना, घे ना. ज्या माणसांनी जन्मात कुणाला दुसऱ्यांदा लोणी विचारलं नसेल ती पंगतीत वाढप्यांनी घेरावं तशी त्यांना घेरून उभी होती. मंदारराव म्हणाले, "नाईन." आवाज बारीक झाला होता.

हाइनरिश गोंधळले. मग तज्ज्ञाकडे वळले. त्यांनी काय विचारलं ते मला अनघाच्या आधीच कळलं. हे नको खरं आहे का?

खरंच होतं. बांधावर मला स्वतः सांगितलं होतं त्यांनी. मी नुसती मान हलवायची, की मंगळवारी, महिनाअखेरीला, चाकणला होय जाणार आणि दिवाळीला घर भरणार. पण मी मंदाररावांकडे बघितलं. त्यांचे डोळे भरले होते आणि ते साखळीकडे बघत नव्हते, हाक मारणाऱ्या माणसांकडे बघत होते. इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्यांना कुणी बसवून वाढत होतं. आणि हा वेडा माणूस पोटात भूक ठेवून आमच्यासाठी पानावरून उठत होता.

मी म्हटलं, "अजून एकदा विचारा."

अनघानं ते लगेच जर्मनमध्ये सांगितलं नाही. माझ्याकडे बघत राहिली. तिला बांधावरचं सगळं ठाऊक होतं. "आई, तुला कळतंय ना तू काय म्हणतेयस?"

"कळतंय. सांग त्यांना."

तिनं सांगितलं. योर्ननं विचारलं. मंदाररावांनी माझ्याकडे बघितलं, मी डोळ्यांनीच दटावलं, आणि ते "या" म्हणाले. ढोल आणि पिपाण्या एकदमच सुरू झाल्या, सूर कुठलाच जुळत नव्हता. माझी नात टेबलावर चढून नाचत होती. मी टाळ्या वाजवल्या आणि रडले. शेजारच्या बाईंना वाटलं, आनंदानं. थोडं तसंही होतं.

संध्याकाळी साताऱ्याला फोन केला. सांगितलं, जावई राजे झाले. हे मग म्हणाले, म्हणजे येत नाहीत तर. मी म्हटलं, नाही येत.

"तू आग्रह नाही केलास?"

"केला," मी म्हटलं. "तिथंच राहायचा."